अंगावरचं दूध

तान्ह्या मुलांच्या लिव्हरच्या दुखण्याचं कारण आज कुणाही जुन्या डॉक्टरला विचारा, तो पितळेच्या भांड्यांचं नाव घेईल. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधात तांबं उतरतं, ते मुलाच्या यकृतात साचतं आणि यकृत निकामी होतं. हे कळेपर्यंत माझे केस पांढरे झाले होते. मी सांगते आहे ती हकीकत त्याच्या कितीतरी आधीची, चाळीसच्या दशकातली. तेव्हा आम्हाला तांब्याचा पत्ताच नव्हता. तरी काय करायला हवं ते मला समजलं होतं, आणि ते मी केलं. कारण हाती लागायच्या आधीही कधीकधी उपाय हाती लागतो, हे मी नेवाशाच्या एका घरात शिकले.

मी मूळची राहात्याची. वडील मराठी शाळेत मास्तर. मुंबईत डॉक्टरकी शिकले, मुलांच्या वॉर्डात एका नावाजलेल्या प्रोफेसरांच्या हाताखाली काम केलं आणि लढाई चालू असतानाच नगरला, बायकामुलांच्या एका दवाखान्यात रुजू झाले. मुंबई सोडून तिकडे कशाला जातेस, असं मैत्रिणींनी विचारलं. नगरला मुलांचा अख्खा वॉर्ड माझ्या हाती मिळणार होता आणि तो मला सांभाळता येईल याबद्दल मला शंका नव्हती. माझा हात चांगला होता. मुलाच्या पोटावर बोटं ठेवली की आत काय वाढलंय, काय दुखतंय, ते मला बहुतेक वेळा बरोबर सांगता यायचं. उगाच विनय दाखवून ते आज लपवण्यात अर्थ नाही.

निघताना प्रोफेसरांनी एक काम माझ्यावर सोपवलं. लहान मुलांच्या यकृताचा हा रोग कशानं होतो, याचा ते कित्येक वर्षं शोध घेत होते. मुंबईतली मुलं त्यांच्याकडे येत. पण आमच्या कोरड्या मुलखात, खेड्यापाड्यांत तो कितपत आहे आणि कुठल्या घरांत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. तुझ्याकडे येतील ती मुलं नीट तपास आणि मला कळवत राहा, एवढंच त्यांनी सांगितलं.

मुलं आली. बहुतेक वेळा वर्षभराचं गुटगुटीत मूल असायचं. आधी ते चिडखोर होई, कडेवरून उतरेना, रात्री झोपेना. मग खाण्यावरची वासना उडे, शी पांढुरकी होई आणि पोट वाढायला लागे. निरोगी मुलाच्या बरगडीखाली बोटं सरकवली तर यकृताची कड मऊ, जेमतेम लागते. या मुलांचं यकृत बेंबीपर्यंत उतरलेलं असे, टणक, आणि त्याची कड पत्र्यासारखी धारदार. पुढे डोळे पिवळे होत, पोटात पाणी होई, आणि काही महिन्यांत सगळं आटपे. लोक या दुखण्याला सरळ 'लिव्हर' म्हणत. 'पोराला लिव्हर झालंय' असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नसे.

आमच्यापाशी उपाय म्हणजे यकृताच्या अर्काची इंजेक्शनं, साय काढलेलं दूध, बार्लीचं पाणी, आणि फारच झालं तर पोटातलं पाणी सुईनं काढणं. लढाईमुळे विलायती इंजेक्शनं मिळत नसत, आणि मिळाली तरी गुण येत नसे. सगळ्यात चमत्कारिक गोष्ट अशी की हे दुखणं गरिबाघरचं नव्हतं. उपाशीपोटी राहणाऱ्यांच्या मुलांना जुलाब व्हायचे, हिवताप व्हायचा, डोळे यायचे. लिव्हर व्हायचं ते दारात म्हैस बांधलेल्या घरातल्या लाडक्या मुलाला.

वॉर्डात माझ्याबरोबर नगरच्याच एका मुसलमान कुटुंबातली नर्स होती. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. सगळा दवाखाना तिला आपा म्हणे, मीही म्हणे. ती बोलायला कमी आणि कामाला वाघ. माझ्या डोक्यात एखादी कल्पना आली की मी ती पहिल्यांदा आपाला सांगत असे, कारण न पटलेल्या गोष्टीला ती कधी मान डोलवत नसे.

लढाईच्या शेवटच्या उन्हाळ्यात नेवाशाहून एक जोडपं मुलाला घेऊन आलं. त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. नवरा शांत, खाली मान घालून बोलणारा. बायको एकवीस-बावीस वर्षांची, उंच, सावळी, आणि चेहऱ्यावर असा ताण की पाहणाऱ्यानं आपोआप आवाज खाली आणावा. बरोबर सासू होती. मूल सव्वा वर्षाचं. मी पोटावर हात ठेवला आणि मला कळून चुकलं. त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, तिलाही कळलं. कारण तिचा पहिला मुलगाही असाच गेला होता.

मुलाला ठेवून घेतलं. जे करता येत होतं ते सगळं केलं. त्या दिवसांत मी तिला खाण्यापिण्याचं खोदून खोदून विचारलं आणि तिनं सांगितलं ते असं. पहिल्या मुलाच्या वेळी दोन महिने झाले तशी सासूनं तिच्या दुधाची परीक्षा घेतली होती. वाटीत अंगावरचं दूध काढायचं आणि त्यात मुंगी सोडायची. मुंगी मेली तर दूध बाधणारं. मुंगी मेली. मग छातीला मोगऱ्याची फुलं बांधून दूध आटवलं आणि बाळासाठी खास म्हैस घेतली. पहिला मुलगा गेल्यावर दुसऱ्याच्या वेळी परीक्षेचीही गरज उरली नाही. हिचं दूध विषारी हे घरात ठरूनच गेलं होतं. सासूनं हे सगळं तिच्यादेखत ऐकून घेतलं आणि मान हलवली. तिच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. नातू वाचावा म्हणूनच तिनं ते केलं होतं.

मूल एका सकाळी गेलं. आदल्या दिवसापासूनच ते कुणाला ओळखत नव्हतं.

मला त्याचं यकृत पाहायचं होतं. जिवंत मुलावर हाताला जे लागतं ते किती सांगणार? आत काय बिघडतं ते भिंगाखाली पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि आमच्या भागातल्या एकाही मुलाचं यकृत तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. असं विचारणं किती जड जातं ते सांगून समजणार नाही. मी नवऱ्याला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं की एक लहानसा तुकडा हवा आहे, मुंबईला न्यायचा आहे, याचा या मुलाला आता काही उपयोग नाही. त्यानं खांबाला धरलं. मग म्हणाला, "तिला इचारा. तिचं लेकरू हाय."

मी आत गेले. ती मुलाच्या पायाशी बसली होती. मी तिला तेच शब्द सांगितले. सासू उठून उभी राहिली आणि नको नको म्हणू लागली. सुनेनं तिच्याकडे पाहिलंच नाही.

"परत शिवून द्याल?" तिनं विचारलं.

"मी स्वतः शिवीन."

"मग बघा. पर काय दिसलं ते मला येऊन सांगायचं. माझ्या दुधानं गेलं का, येवढं सांगा. खरं आसंल ते सांगा."

मी कबूल केलं. आपानं मुलाला न्हाऊ घातलं, मी छोटासा छेद घेऊन हवं तेवढं काढलं आणि टाके इतके बारीक घातले की एखाद्या जिवंत मुलालाही मी त्याहून चांगले घातले नसतील. त्यांनी मुलाला घेतलं आणि ते गेले.

बरणी मी कुणाच्या हाती दिली नाही. दौंडला गाडी बदलून स्वतः मुंबईला नेली. काचपट्ट्या तयार व्हायला वेळ लागला, तोवर मी तिथेच राहिले. निरोगी यकृताच्या पेशी पाभरीनं पेरलेल्या शेतासारख्या ओळीनं असतात. इथे ओळी मोडून गेल्या होत्या. पेशींच्या लहान लहान पुंजक्यांना तंतूंनी वेढून टाकलं होतं, आणि वेढ्यातल्या पेशी फुगून फुटायला आल्या होत्या. मुंबईच्या मुलांच्या पट्ट्या मी शेजारी ठेवून पाहिल्या. काही फरक नव्हता. तोच रोग, तसाच.

प्रोफेसरांना आनंद झाला, म्हणजे शास्त्रज्ञाला होतो तसा. चहा मागवून ते कारणांकडे वळले. त्यांचं मत असं होतं की आईच्या दुधातूनच काहीतरी विषारी द्रव्य मुलाच्या पोटात जात असावं. एकाच आईची मुलं पाठोपाठ जातात, त्याचा दुसरा अर्थ त्यांना लागत नव्हता. हे मत काही त्यांचं एकट्याचं नव्हतं, तेव्हा पुष्कळ मोठे डॉक्टर तसं मानत. मी म्हटलं, या मुलाला आईचं दूध जेमतेम काही दिवस मिळालं, त्याच्या भावाला दोन महिने. त्यातून विष गेलं असेल तर ते वर्षभर गप्प बसून मग कसं उठलं?

"मग दुसरं कारण दाखव," ते म्हणाले.

कारण माझ्यापाशी नव्हतं. पण नगरला परतताना गाडीत माझी खात्री होत गेली की आपण चुकीच्या दुधाकडे पाहतो आहोत.

नेवाशाला लगेच जाता आलं असतं. पण त्या बाईला नुसतं 'ठाऊक नाही' म्हणून सांगायला मला जायचं नव्हतं. पुढचे पाच-सहा महिने सुट्टीचा दिवस आला की मी आणि आपा घरोघर फिरायला निघत असू. ज्या घरांत लिव्हरनं मूल गेलं होतं ती घरं आम्ही गाठली आणि शेजारची, जिथे कधी काही झालं नाही, तीही गाठली. मी दोनच गोष्टी विचारत असे, मूल अंगावर किती दिवस प्यालं आणि त्यानंतर काय प्यालं. आपाच्या ओळखीनं शहरातल्या मुसलमान मोहल्ल्यांत शिरता आलं, माझ्या एकटीला ते जमलं नसतं. तिथल्या म्हाताऱ्या बायका या दुखण्याची वर्णनं ऐकून एकमेकींकडे पाहत, त्यांच्या घरांत असं मूल क्वचितच कुणाला आठवे. आज मला त्याचं एक कारण कळतं, त्यांच्या स्वयंपाकघरातली तांब्याची भांडी न चुकता आतून कथलाची कल्हई केलेली असत, दुधाला तांबं लागतच नसे. तेव्हा मी तीच भांडी समोर पाहत होते आणि त्यांतला चहा पीत होते.

तिथून आम्ही साखर कारखान्याच्या उसाच्या फडांवर गेलो. ऊस तोडायला पूर्वेकडून आलेल्या बायकांची मुलं मी तपासली. हातपाय काडीसारखे, डोक्यात खरूज, पण यकृत मऊ. एकीचं मूल दोन वर्षांचं होऊन गेलं होतं आणि चालत येऊन आईच्या अंगावर पीत होतं. मी तिला विचारलं, याला वरचं दूध कधी दिलंस? ती हसली आणि म्हणाली, "कुठलं बाई? आमाला च्याला घालाया न्हाई."

 परत येताना मोटारीत आपानं मला विचारलं की ज्यांच्याकडे दूध विकत घ्यायला पैसा नाही त्यांची मुलं या दुखण्यातून सुटतात, हे मुंबईच्या साहेबांना मी कसं पटवणार. मी म्हटलं, पटवीन. तिनं मान डोलवली. मला तेवढं पुरलं.

त्यानंतर मी नेवाशाला गेले. पेट्रोलच्या टंचाईमुळे तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे शेगडीसारखी टाकी लावलेली असे आणि चढ आला की गाडी धापा टाकून उभी राही. क्लीनर खाली उतरून निखारे ढोसत असे. दुपार कलल्यावर पोचले. दुकानामागच्या खोलीत तिनं मला सतरंजी घातली आणि समोर भिंतीला टेकून बसली. सासू दाराच्या आड उभी होती, तिचं लुगडं दिसत होतं.

मी भिंगाखाली जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. ओळीनं पेरलेल्या शेताची उपमा दिली, मग तंतूंचं सांगितलं.

"म्हंजी वावरात हरळी माजल्यावानी?" तिनं विचारलं.

"तशीच. पण ही उपटता येत नाही."

"आन् ती माझ्या दुधानं आली?"

मी तिला सांगितलं की भिंगातून कारण दिसत नाही, आणि ते अजून जगात कुणालाच ठाऊक नाही. नंतर मी किती घरं हिंडले आणि तिथे काय ऐकलं ते सांगितलं. "माझं मत विचारशील तर तुझ्या दुधानं नाही," मी म्हणाले. "तुझं दूध चांगलं आहे. पुढचं मूल झालं की ते त्यालाच दे. दुसरं दूध देऊ नकोस."

ती रडली नाही. तिनं पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं आणि सोडलं, पुन्हा गुंडाळलं. दाराआडचं लुगडं हललं आणि सासू आत निघून गेली. मग सून म्हणाली की तिला दिवस गेले आहेत, आणि हे अजून तिनं घरात कुणाला सांगितलेलं नाही.

बाळंतपणाला ती माहेरी गेली नाही, माझ्याकडे आली. मुलगा झाला. तासाभरात मी त्याला तिच्या अंगावर लावलं. आपानं तिला कसं बसायचं, कुशी कशी बदलायची ते शिकवलं, कारण दोन मुलांची आई असूनही तिला ते नीट कुणी शिकवलेलंच नव्हतं. सासू येऊन नातवाला पाहून गेली. माझ्याशी ती तुटक बोलली. मी तिला दोष देत नव्हते, पण माघारही घेणार नव्हते.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी नवरा दवाखान्याच्या दारात उभा. पहिल्या मोटारीनं आला होता. त्याच्या आईनं पुन्हा मुंगी सोडली होती. मुंगी मेली होती. आता घरात ओढाताण चालली होती, आई मुलाला सुनेजवळ देत नव्हती आणि सून जेवत नव्हती. मी आपाला बरोबर घेतलं आणि त्याच्यासोबत निघाले.

घरात शिरले तेव्हा सासू मुलाला मांडीवर घेऊन बसली होती आणि मूल भुकेनं हात चोखत होतं. मी आधी त्याला उचलून आईकडे दिलं. सासूनं अडवलं नाही, पण वाटी माझ्यापुढे सरकवली. त्यात थोडं दूध होतं आणि त्यावर मेलेली मुंगी.

"काकी," मी म्हटलं, "एक मुंगी तुमच्या म्हशीच्या दुधात सोडा."

तिला ते पटलं नाही, पण तिनं केलं. साखरेच्या डब्यापाशी मुंग्यांना तोटा नव्हता. मुंगी जरा वळवळली आणि निपचित झाली. मी म्हटलं, आता पाण्यात सोडा. तिनं पाण्यात सोडली. तीही मेली. सासू वाकून तिन्ही वाट्यांकडे पाहत राहिली. आपानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी काही बोलणार होते ते बोलले नाही. म्हातारीला हरवायला मी आले नव्हते.

"मंग मी काय करू?" ती म्हणाली. "दोन गेले माझ्या मांडीवरून. नुस्ती बघत बसू का? मला काय तरी करायला सांगा."

तिच्या तोंडचं हे वाक्य ऐकून मला तिचा सगळा हट्ट उलगडला. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हटलं, तुमच्यावाचून हे होणारच नाही. सुनेला खायला घालायचं काम तुमचं. बाजरीची भाकरी, डाळ, मेथी, अळिवाचे लाडू, शेंगदाणे, जे घरात असेल ते पोटभर. म्हशीचं दूध वाया घालवायचं नाही, ते लेकराच्या आईला द्या. ती पिईल आणि लेकराला जे द्यायचं ते तिचं शरीर देईल. दात आले, बसायला लागला की मऊ भात, भाकरीचा काला, डाळीचं पाणी द्यायचं आणि अंगावरचं चालूच ठेवायचं. वरच्या दुधाचा एक थेंब नको.

तिनं प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेतली. मग उठली, चुलीपाशी गेली आणि सुनेसाठी भाकरी थापायला बसली. त्या दिवसापासून त्या घरात मला जागता पहारा मिळाला. पुढे तीच शेजारणींना दमात घेई, आमच्या पोराला दूध दाखवायचं न्हाई म्हणून.

लिव्हर दिसू लागतं ते वय जवळ आलं तसे आम्ही सगळेच अस्वस्थ झालो. दर महिन्याला ती मुलाला घेऊन नगरला येई आणि मी पोट तपासत असे. एकदा तिनं विचारलं की तुम्हाला बोटांना काय लागतं ते मलाही कळेल का. मी तिचा हात धरून मुलाच्या बरगडीखाली ठेवला, श्वास घेताना कड खाली येते ती कशी जाणवते ते दाखवलं. तिला पहिल्याच खेपेला जमलं नाही, पण ती सोडणारी नव्हती.

मग पावसाळा सरताना एके दिवशी ती न कळवता आली. मुलाला चार दिवस ताप, अंग पिवळट, आणि पोट फुगलेलं. नवरा दारातच थांबला. मीही आतून हलले, ते नाकारत नाही.  मुलाला टेबलावर घेतलं, हात चोळून ऊन केले आणि उजव्या बाजूला बोटं ठेवली. मूल रडत होतं, पोट घट्ट धरत होतं. मी वाट पाहिली. त्यानं श्वास घेतला तशी यकृताची कड बोटांना लागली. मऊ. जागच्या जागी. मग मी हात डावीकडे नेला आणि तिथे प्लीहा हाताला लागली, चांगली वाढलेली.

"हिवताप आहे," मी म्हटलं. "लिव्हर नाही."

तिनं माझा हात बाजूला केला आणि स्वतःची बोटं ठेवली. डोळे मिटून तिनं कड शोधली. मग म्हणाली, "मऊ हाय." आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. आपा तिला घेऊन बाहेर बसली. औषधानं ताप आठवड्याभरात उतरला आणि पोरगा वॉर्डभर रांगून सगळ्यांच्या ताटल्या पालथ्या घालू लागला.

तो दोन वर्षांचा झाला तेव्हा देश स्वतंत्र होऊन गेला होता. मी मुंबईला जाऊन प्रोफेसरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की एक मूल वाचलं यावरून काही ठरत नाही, ते असं काही न करताही वाचलं असतं. ते बरोबरच बोलत होते. मी म्हटलं, म्हणून मी एकावर थांबलेली नाही. नेवाशाची ती बाई आतापर्यंत आजूबाजूच्या गावांतल्या, मुलं गमावलेल्या कितीतरी आयांना माझ्याकडे घेऊन आली होती. मी सांगायला लागले की त्या माझ्याकडे संशयानं पाहत. ती आपला मुलगा पुढे करी आणि बोलणं तिथेच संपे. सगळ्यांचं चांगलं झालं असं नाही. मिरजगावकडून आलेलं एक मूल आधीच वर्षभर वरच्या दुधावर होतं, यकृत टणक झालेलं होतं, त्याला मी वाचवू शकले नाही. पण ज्यांनी पहिल्यापासून अंगावरच पाजलं त्यांच्यांत मला एकही टणक यकृत सापडलं नाही. मी प्रोफेसरांना सांगितलं की तुम्ही येऊन स्वतःच्या हातानं बघा.

ते आले. हिवाळ्यात, सुट्टी काढून. नेवाशाच्या बाईला आणि आणखी काही आयांना मी त्या दिवशी बोलावलं होतं. प्रोफेसरांनी एकेक मूल तपासलं, घाई न करता. नेवाशाच्या मुलापाशी आल्यावर त्याची आई पुढे झाली. त्यांचं जुनं मत मी तिला कधीतरी सांगितलं होतं. तिनं विचारलं की आईच्या दुधात विष असतं असं तुम्हीच म्हणत होता का.   प्रोफेसरांनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसले आणि म्हणाले की होय, म्हणत होतो. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून म्हणत होतो. आता शंका आली आहे.

"शंका आली हे चांगलं झालं," ती म्हणाली.

ते हसले. नंतर तासभर ते तिला विचारत राहिले आणि ती सांगत राहिली, म्हैस कधी पिळली जायची, दूध किती वेळा तापवत, कधी पाजत. त्यांनी तिला दूध कशात तापवत हे विचारलं नाही. मीही विचारलं नाही. ते विचारायला दुसरी माणसं आणि आणखी कितीतरी वर्षं लागली. पण त्या हिवाळ्यापासून त्यांच्या मुंबईच्या वॉर्डात लिव्हरचं मूल आलं की आईला पहिल्याप्रथम विचारत, मूल अंगावर किती दिवस प्यालं. आणि ज्यांची आधीची मुलं गेली होती त्या बायकांना आपलं दूध तोडू नका असं ते स्वतः सांगू लागले.

संध्याकाळच्या गाडीला मी आणि आपा त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून विचारलं की आता पुढे काय करणार आहेस. मी म्हटलं, उद्या राहुरीच्या बाजूला जायचंय, तिथल्या एका घरात बाळंतीण आहे आणि तिची आधीची दोन्ही मुलं गेली आहेत. गाडी गेली. आम्ही टांगा केला आणि वॉर्डात परत आलो, कारण सहा वाजताचं औषधपाणी व्हायचं होतं.